विहिरीवरचे वस्ताद

इंजिन कुठलंही असो, वस्ताद आधी उजव्या हाताचा पंजा वर करायचे. त्याचा अर्थ, आता सगळ्यांनी गप्प बसायचं. "आधी ऐकू द्या," असं म्हणून ते डोळे मिटत आणि इंजिनाकडे कान करत. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी त्याला तोंड मिटून उभं राहावं लागे. माझ्यासारख्या बडबड्याचं तर त्यांच्याशी जमणं कठीणच. "तुमचं इंजिन बंद करा, सायेब," असं ते मला सुनावत. मी बांधकाम खात्याच्या स्टोअरमधला साधा कारकून, पण 'सायेब' म्हटल्यामुळे गप्प बसायला मला कमीपणा वाटत नसे.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. दारांवर नव्या पाट्या लागल्या होत्या आणि खुर्च्या यायच्या होत्या. पण रस्ते रुंद करायचे होते, म्हणून आमच्या खात्यात खुर्च्यांच्या आधी झाड कापायचं मशीन आलं. खोकं उघडून आम्ही सगळे भोवती उभे राहिलो, हात लावायची कुणाची छाती होईना. शेवटी गंजगोलाईच्या बाजारामागे मोपेड दुरुस्त करणाऱ्या वस्तादांना बोलावणं गेलं. त्यांनी मशीन उचललं, हलवलं, टाकीचं टोपण काढून वास घेतला आणि जाहीर केलं, "ही आपल्या मोपेडचीच बहीण हाय. चाकाच्या जागी दात हायेत, एवढाच फरक."

मग त्यांनी आमची शाळाच घेतली. या इंजिनाच्या पोटात वेगळं तेल नसतं, म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं. ते विसरलं तर पिस्टन जागीच धरून बसेल. दोरी ओढली की इंजिन सुरू होतं, पण दातांची साखळी उभीच राहते. रेस वाढवली की आतला क्लच फाकतो, बाहेरच्या वाटीला घट्ट धरतो आणि साखळी पळायला लागते. रेस सोडूनही साखळी फिरत असेल तर त्या मशीनच्या जवळ जाऊ नये. साखळी पुढच्या लांब पट्टीवर चढवताना वरच्या बाजूचे दात पट्टीच्या टोकाकडे तोंड करून हवेत. ताण बघायला साखळी दोन बोटांनी उचलायची. ती जरा उचलली गेली पाहिजे, पण खाचेतून निघता कामा नये. "सैल न्हाई, आवळून बी न्हाई," असं ते सुनेला पोळ्या शिकवणाऱ्या सासूसारखं पुन्हा पुन्हा सांगत. आमचे ओव्हरसियर साखळी हमखास उलटी बसवायचे आणि वस्ताद त्यांना सगळ्यांदेखत हसायचे. वस्ताद नम्र होते, असं मी मुळीच म्हणणार नाही.

त्या वर्षी दुष्काळ होता. गावोगावी विहिरी खोल करायचं काम चाललं होतं. निलंग्याकडच्या एका गावात अशीच एक विहीर खोल आणि रुंद करत होते. रुंद करताना काठावरच्या वाळक्या चिंचेची मुळं तुटली. देगलूरकडून आलेले कामगार दुपारी भाकरी खायला वर आले होते. एकजण दगडांचा चुरा भरायला खालीच थांबला होता. तेवढ्यात चिंच विहिरीवर आडवी झाली आणि तो फांद्यांखाली अडकला.

आमच्या ऑफिसला फोन आला तेव्हा गावकऱ्यांनी कुऱ्हाडी चालवून पाहिल्या होत्या. प्रत्येक घावाला खोड हादरायचं आणि काठाची माती खाली पडायची. ट्रॅक्टरने ओढावं तर झाड आत घसरायची भीती. मशीनला घाव घालावा लागत नाही, म्हणून मशीन हवं होतं. ते स्टोअरबाहेर न्यायचं तर मी सोबत हवा, असा नियम. वस्ताद, मी आणि मशीन जीपमधून निघालो.

खोड दोन्हीकडून दोरांनी ट्रॅक्टरना बांधून ठेवलं होतं. कापायची फांदीही आधी दोराने बांधायची, मग कापायची आणि वर ओढायची, असं वस्तादांनी ठरवलं. पहिल्या फांद्या नीट निघाल्या. मग ठिणग्या उडाल्या. कुणीतरी कधीकाळी गुरं बांधायला कडी ठोकली होती, ती लाकडात बुजून गेली होती. साखळीचे दात गेले.

वस्ताद नवी साखळी चढवायला बसले. भोवती सगळे ओरडत होते, आवरा, आवरा म्हणत होते. मीही ओरडत होतो. त्यांनी झाकण बसवलं, नट आवळले, दोरी ओढली आणि पट्टी लाकडाला लावली. धूर निघाला, पण भुसा पडेना. त्यांनी मशीन बंद करून पाहिलं. साखळी उलटी बसली होती.

कुणीच हसलं नाही. वस्तादांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी हातांना माती चोळून तेल पुसलं आणि दोन्ही नट पुन्हा सोडले. "आता कुणी बोलू नका," एवढंच ते म्हणाले. साखळी नीट बसली.

त्यानंतर त्यांनी एक भलताच प्रकार सुरू केला. एक फांदी कापली की मशीन पूर्ण बंद करायचं आणि काठावर वाकून हाक मारायची, "हाय का?" खालून उत्तर यायचं, "उन्ना." तेलुगूत तेवढाच शब्द, म्हणजे आहे. मगच ते पुढची फांदी धरत. तापलेलं मशीन पुन्हा सुरू व्हायला त्रास देतं. दोरी ओढून ओढून त्यांचा खांदा भरून आला. लोक चिडले, चालूच ठेवा म्हणाले. वस्ताद म्हणाले, "चालू ठेवल्यावर त्याचं ऐकू कसं येईल?"

एकदा उत्तर आलंच नाही. त्यांनी पुन्हा हाक दिली, मग पुन्हा. ते काठावर पालथे पडले. कुणी खाकरलंसुद्धा नाही. बऱ्याच वेळाने खालून पहारीने दगडावर ठोकल्याचा आवाज आला. माणसाचा घसा सुकला होता.

वाट मोकळी झाली तेव्हा उन्हं कलली होती. बाज खाली सोडून त्याला वर काढलं. एक पाय पार चिरडला होता. डोळ्यांत माती गेल्यामुळे तोंडावर ओलं फडकं टाकलं होतं. तसंच त्याला जीपमध्ये घातलं. लातूरहून त्याला सोलापूरला नेलं म्हणे. कामगारांची पालं दुसऱ्या दिवशी उठली, पुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर वस्ताद कुणाच्या उलट्या साखळीला हसले नाहीत. दुकानात देगलूरकडचा कुणी आला की त्या माणसाची चौकशी करत. मी एकदा वैतागून म्हणालो, आता सोडा तो विषय. ते म्हणाले, "माझ्या हातून उलटी बसली. तेवढ्यात त्याचा पाय गेला असंल, नाहीतर जीव. काय गेलं, तेवढं तरी कळू द्या."

पुढे साध्या तापाचं निमित्त झालं आणि वस्ताद गेले. मला ते फार जवळचे होते. हे त्यांना कधी सांगितलं नाही, कारण त्यांनी मला बोलूच दिलं नसतं.

त्यानंतर वर्ष उलटून गेल्यावर एक माणूस कुबडी टेकत आमच्या स्टोअरमध्ये आला. मशीनवाले कुठं भेटतील, म्हणाला. त्याने त्यांना पाहिलंच नव्हतं. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि वस्ताद गेल्याचं सांगितलं. त्याने ग्लास तसाच खाली ठेवला.

"मशीन बंद झालं की वाटायचं, गेले समदे सोडून," तो म्हणाला. "मग त्यांची हाक यायची. नंतर नंतर मी मशीन बंद व्हायचीच वाट बघायचो."

मी धीर करून पायाचं विचारलं.

"पाय? तो झाड पडलं तवाच गेला की."

हे एवढं वाक्य वस्तादांच्या कानावर पडायला हवं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. कुणाचा, ते सांगता येणार नाही.

मी त्याला वस्तादांच्या घरी घेऊन गेलो. वहिनींनी दार किलकिलं केलं आणि कोण म्हणून विचारलं. मी सांगायच्या आत तोच म्हणाला, "विहिरीतला."

वहिनींनी त्याच्या कुबडीकडे पाहिलं, मग तोंडाकडे. त्यांनी पदर सारखा केला आणि दार पूर्ण उघडलं.

"या," त्या म्हणाल्या. "लई वाट बघितली त्यांनी तुमची."