मोहाडीचे गभणे सर आणि त्यांचा अल्सेस

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये वीस वर्षं काढली की डोक्यात अभ्यासक्रम कमी आणि किस्से जास्त उरतात. मी मराठी शिकवायचो. पण माझ्याकडचे निम्मे किस्से इतिहासवाल्या गभणे सरांचे. आणीबाणी उठली त्या वर्षी त्यांना पीएच.डी.साठी दिल्लीची फेलोशिप मिळाली. विषय होता, फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवरच्या अल्सेस प्रांताचा इतिहास आणि संस्कृती. संशोधक राहायला भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडीला. नागपूरच्या पलीकडे पहिल्यांदा गेला तो या फेलोशिपच्या मुलाखतीला.

मुलाखतीत त्यांना विचारलं, "भंडाऱ्याच्या माणसाला अल्सेसच का?"

सरांना खोटं बोलता येत नसे. म्हणाले, "आमच्या लायब्ररीत इतिहासाचं एक कपाट आहे. त्यातलं वाळवीनं एवढंच पुस्तक सोडलं."

मुलाखत घेणारे चौघेही हसले आणि फेलोशिप देऊन मोकळे झाले.

*

आता हा विषय मोहाडीच्या बाजारात समजावायचा कसा? सरांच्या बायकोनं, सुलोचना वहिनींनी, सोपं करून सांगितलं, "दोन देशांच्या धुऱ्यावरून भांडणं झाली ना, त्याच्यावर लिहून राहिले." धुरा म्हणजे आमच्याकडे शेताचा बांध. झालं! गभणे सर विलायतेचे धुरे मोजतात, अशी बातमी तहसील ऑफिसपर्यंत गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दोन भाऊ दारात हजर. दोघांत हातभर जमिनीवरून पाच वर्षं बोलणं बंद होतं. एकमेकांकडे न बघता दोघंही म्हणाले, "सर, आमचाही मोजून द्या."

सरांनी समजावून पाहिलं. ऐकेनात. शेवटी सर बांधीवर, म्हणजे त्यांच्या धानाच्या शेतावर गेले, मलाही नेलं. तिथे उभं राहून त्यांनी फ्रान्सनं काय घेतलं, जर्मनीनं काय घेतलं, किती पिढ्या त्यात गेल्या, हे सगळं तळमळून सांगितलं. दीड तास. ऊन डोक्यावर आलं.

धाकटा भाऊ खाली बसला. पाच वर्षांत पहिल्यांदा थोरल्याकडे वळून म्हणाला, "दादा, धुरा तूच ठेव. पण या सरले आता थांबव."

*

सर घरी बसून पुस्तकावरून जर्मन शिकले. दोन वर्षं. जर्मन भाषा कानानं कधी ऐकली नव्हती, पण पाठांतर चोख. पहाटे विहिरीवर क्रियापदं म्हणायचे, आणि शेजारच्यांना वाटायचं, सरांनी कुठलं तरी अनुष्ठान धरलं आहे.

एकदा मुलांची सहल घेऊन आम्ही आंबागडला गेलो. किल्ल्याच्या दरवाजाशी एक गोरा दाढीवाला तरुण पाणी पीत बसला होता. कुठला म्हणून विचारलं, तर म्हणाला म्युनिकचा. सरांनी मला बाजूला ओढलं. मला म्हणाले, "पुरी जिंदगी याच घडीची वाट पाहिली मी."

पुढे झाले, घसा साफ केला आणि तीन मिनिटं न अडखळता बोलले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो तरुण फार अदबीनं ऐकत होता. शेवटी हात जोडून मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "माफ करा, मला मराठी येत नाही."

सर आठ दिवस विहिरीवर गप्प होते.

*

सरांचे गाईड नागपूरला. ते प्रकरणं वाचतात की उशाला घेतात, कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा सरांनी तिसरं प्रकरण पाठवलं, तेव्हा वहिनींनी त्यासोबत घरच्या चिन्नोर तांदळाची थैली दिली. आठवड्यानं गाईडचं कार्ड आलं. "पाठवलेलं मिळालं. दर्जा उत्तम. जरा जुनं असतं तर जास्त मोकळं झालं असतं."

सर भारावले. गाईडनं पहिल्यांदाच काही सुचवलं होतं. तीन महिने खपून त्यांनी प्रकरण थेट रोमन काळापासून नव्यानं लिहिलं. पुन्हा टाईप करायला देणार, तेवढ्यात कार्ड वहिनींच्या हाती लागलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे तांदळाचं आहे."

*

तरी प्रबंध पुरा झाला आणि तोंडी परीक्षेचा दिवस आला. सरांचे वडील दिघोरीहून खास आले होते. धानाची शेती केलेला माणूस. धुतलेलं धोतर नेसून मागच्या बाकावर मुकाट बसले. मी त्यांच्या शेजारी.

पुण्याहून आलेले परीक्षक पहिल्यापासून नाराज दिसत होते. त्यांनी प्रबंध मिटला. "गभणे, तुम्ही युरोप पाहिलेला नाही. अल्सेसचा माणूस आपल्या घरातून हलला नाही, आणि पंचाहत्तर वर्षांत चार वेळा त्याचा देश बदलला. त्याला काय वाटलं असेल, हे तुम्ही मोहाडीत बसून कसं लिहिता?"

सर उभे राहिले. आपल्या प्रतीची पानं पुढंमागं करायला लागले. पाच वर्षांची मेहनत, आणि माणूस घामाघूम. गाईड खिडकीबाहेर बघायला लागले. मला सरांकडे पाहवेना.

शेजारी हालचाल झाली. म्हातारा उठला होता.

"साहेब, मी बोलू काय?" ते म्हणाले. "मी दिघोरीचा. जनमलो तवा आमचं गाव इंग्रजाच्या सीपी-बेरारात होतं. मंग मध्यप्रदेशात गेलं. मंग मुंबई राज्यात. आता महाराष्ट्रात हाये. मी घर नाही सोडलं."

परीक्षकांनी चष्मा काढला. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग बाबा, तुम्हाला काय वाटलं?"

"काय वाटन, साहेब? तलाठी तोच होता."