करवत मशीन भंगारात जाणार नाही

भंगारवाला उद्या येणार आहे. मला कुणी विचारलं नाही.

आता नमस्कार.

ज्यांना कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, आमचे मालक परवा सकाळी गेले. नाव मी घेत नाही. इथं वर टाकलेल्या फोटोखाली नातसुनेनं लिहिलंय, तिथं वाचा.

मी चौथी शिकलेली. फोनमध्ये बोलते, तो लिहितो. चुकलं तर फोनला बोला.

मला रडू आलेलं नाही. बायका येतात, माझ्या तोंडाकडं बघतात, चहा पितात, जातात.

मला भंगाराचं बोलायचं आहे.

माझं लग्न झालं तवा लढाई संपली होती आणि इंग्रज जायचा होता. मालक फौजेतनं, गाड्यांच्या वर्कशॉपमधनं परत आलेले. इथं पलूसला घरामागं पत्र्याची शेड घातली.

आणि मिलिटरीच्या लिलावातनं ही करवत आणली. लोखंड कापायची, पॉवरवर चालणारी. बैलगाडीतनं उतरवली तवा नुसता गंज. हात लावला की पापुद्रे निघायचे.

रॉकेल तवा रेशनवर. घरात एक कंदील.

मालकांनी सगळं रॉकेल त्या मशीनवर ओतलं. सुटे भाग बुडवून ठेवले, काथ्यानं घासत बसले.

सासूबाई शेडच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "लोखंडाला आंगूळ घालतुयास आन् घरात अंधार. मशीनीसंगंच लगीन लावायचं हुतं, ही पोरगी कशाला आणलीस?"

मालक म्हणाले, "आये, ही बोलत न्हाई."

'ही' म्हणजे मी का मशीन, ते मी अजून विचारलेलं नाही.

दांडा ज्यात फिरतो ते झिजलेले बुश नवीन केले. विहिरीवरचं ऑइल इंजिन शेडजवळ आणून पट्टा चढवला. मशीन फिरलं. गावातली माणसं बघायला आली.

कापेना.

नुसतं घासायचं. जाड सळई चकचकीत व्हायची, कापायची नाही. पात्याचे दात मात्र बोथट. पातं बदललं, तरी तेच. माणसं हसून घरी गेली. मालक जेवले नाहीत.

मी वैरण घेऊन आले होते. भारा टाकला आणि बघत उभी राहिले. करवत पुढं जाताना थोडी उचलायची. मागं येताना दाबून यायची.

मी म्हणाले, "आवं, पातं उलटं लावलंय न्हवं?"

"तुला काय कळतंय त्यातलं? हातकरवतीला असंच लावत्यात."

"हातकरवत ढकलायची आसती. ही वढतीया. गवत कापताना इळा वढतो का ढकलतो?"

"इळा आन् मशीन एक व्हय? जा, चुलीकडं बघ."

गेले.

भाकरी थापताना आवाज बदलला. घासल्यासारखं होतं ते थांबलं आणि खर्र, खर्र सुरू झालं.

मालक जेवायला आले. ताटाशेजारी लोखंडाची एक गोल चकती ठेवली. कापलेली, अजून कोमट. आणि भाकरी मोडायला लागले.

ती चकती अजून दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर असते. मांजराला उचलत नाही.

पुढं मालक सगळ्यांना सांगायचे, 'पातं फिरवायचं मी शोधलं' म्हणून. सांगू दे. मी कधी मध्ये बोलले नाही.

मशीननं घर चालवलं. मालकांचे हात थकले तवा बंद पडलं.

औंदा नितीननं, माझ्या नातवानं, ते पुन्हा उघडलं. आजोबांना आवाज ऐकवायचा म्हणून. गंज काढला, हिरवा रंग दिला, मोटर बसवली. पोरानं मन लावून केलं, ते मी बघितलंय.

मागच्या आठवड्यात चालू केलं. कापलं नाही.

मालक पुढच्या खोलीत खाटेवर. तोंडातनं शब्द फुटत नव्हता. शेडमधला आवाज येत होता, आणि मालक हात लांब करायचे आणि आपल्याकडं ओढायचे. परत लांब, परत ओढायचे.

सगळे म्हणाले, थंडी वाजतीया. वाकळ घातली.

हात वाकळीखाली पण चालूच.

मग मशीन बंद झालं. हात पण थांबला.

काल नितीन म्हणाला, "आज्जी, आतनं झिजलंय सगळं. कापत न्हाई. आजोबाच न्हाईत, ठिवून काय करायचं?"

सगळ्यांनी मान हलवली.

आज सकाळी मी शेडात गेले. पात्यावरनं बोट फिरवलं. मशीन मोटरकडं ओढतं, दातांची तोंडं मोटरकडं पाहिजेत. ती दुसरीकडं आहेत. हातकरवतीसारखी.

मालकांना थंडी वाजत नव्हती.

मालक, ऐकलं मी. उशिरा ऐकलं. जावा आता.

तुम्ही सगळ्यांनी खाली हात जोडा, नाहीतर जोडू नका. मला कुणी फोन करायचा नाही.

नितीन, भंगारवाल्याला नको म्हणून सांग. पातं फिरव आणि सळई लाव.

कापलं का नाही, ते इथं तूच लिहायचं. तुझ्या बापानं नाही, बायकोनं नाही. तू.