चांद्याचं आवतण आणि आमच्या वकीलबाई

आदरणीय यशोधराबाईंची आणि माझी ओळख एका बैलाने करून दिली. आम्ही सिंदेवाहीला त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हाची गोष्ट. सामान उतरवून झालं आणि कुंपणापलीकडे पाहिलं, तर भिंतीवर वकिलाची पाटी आणि पाटीखाली एक मरतुकडा बैल धानाची तणस खात उभा. मी विचारलं, "बाई, तुमची शेती कुठी हाये?" त्या फाइलीला नाडी बांधत म्हणाल्या, "शेती नाई माह्याकडं. हा मुद्देमाल हाये."

मुद्देमाल म्हणजे खटल्यात जप्त झालेली वस्तू, एवढं मला ठाऊक होतं. चोरीची सायकल ठाण्याच्या आवारात गंजत पडली तरी चालते. पण मारहाण झालेला बैल, उपाशी ठेवलेली म्हैस, पाय मोडून रस्त्यावर सोडलेलं घोडं, यांना निकाल लागेपर्यंत ठेवायचं कुठे? त्यांना तर रोज भूक लागते. मग बाई कोर्टाला सांगून त्यांना आपल्या अंगणात आणत. माझ्या काटकसरी मनात पहिला प्रश्न आला तो तणशीचा. तो बोलून दाखवला आणि तिथेच अडकले. "मंग तुमीच हिशेब ठेवा न," बाई म्हणाल्या. तेव्हापासून त्या अंगणातल्या चाऱ्याचा हिशेब माझ्याकडे आहे.

मी देवभोळी बाई. पहाटे उठून तुळशीला पाणी घालते, एकादशी चुकवत नाही. बाईंच्या घरी पहाटे बुद्धवंदना होते. दोन घरांमधलं कुंपण कमरेएवढं, त्यामुळे माझी आरती त्यांना ऐकू जाते आणि त्यांची वंदना मला. एकदा मी विचारलं, एवढ्या मुक्या जनावरांसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवता, कंटाळा येत नाही का? त्या म्हणाल्या, जीवहिंसा करणार नाही हे मी रोज सकाळी तोंडाने म्हणते. दिवसभरात हातानेही काही केलं पाहिजे. त्या दिवसापासून माझी आरती संपली की मीही स्वतःला तेच विचारते. एवढं मोठं काम त्यांनी माझ्यात एका वाक्यात केलं.

बाजारात त्यांच्यामागे लोक "कोंबडीची वकील आली" असं म्हणत. आठवडी बाजाराला कोंबड्या पाय बांधून सायकलच्या हँडलला उलट्या टांगून आणायची आमच्याकडे रीतच होती. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे, मलाही नव्हतं वाटलं. बाई सरळ सायकल अडवत. एका विक्रेत्याने हसून विचारलं, "काऊन बाई, कोंबडीनं वकीलपत्र देल्लं का तुमाले?" बाई शांतपणे म्हणाल्या, "देल्लं न. पण माही पक्षकार उलटी टांगली हाये, तिचं बोलणं समजत नाई. आधी सरळ कर." बाजार हसला, तोही हसला आणि हसता हसता त्याने कोंबड्या सोडून टोपलीत ठेवल्या. पुढच्या बाजाराला तो टोपली घेऊनच आला. बाईंनी त्याच्याकडे रागावून पाहिल्याचं मला आठवत नाही.

जनावरांना क्रूरतेपासून वाचवणारा कायदा बाईंनी मला वाचायला दिला, तेव्हा मी संकोचले. म्हटलं, मी दहावी पास, मला काय कळणार? त्यांनी मला समोर बसवलं आणि मोठ्याने वाचायला लावलं. "दहावी शिकलेल्या बाईले कायदा समजला नाई, तर चूक बाईची नाई," त्या म्हणाल्या. मारणं हा गुन्हा आहे हे मला माहीत होतं. पण पोसायचं सोडून जनावराला हाल होतील अशा जागी टाकून देणं, हाही गुन्हा आहे हे त्या दिवशी कळलं. तेच वाक्य पुढे आमच्याच घरावर येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

माझे धाकटे दीर, नामदेवभाऊजी, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावी शेती करतात. त्यांची राजा आणि चांद्याची जोडी होती. चांद्या म्हातारा झाला, चिखलात बसायला लागला. आमच्या भागात अशा बैलाला जंगलाच्या कडेला सोडून येतात. विकता येत नाही, पोसवत नाही आणि वाघाने मारला तर वनखात्याकडून भरपाई मिळते. गावात याला कुणी पाप म्हणत नसे. वाघाला दिला म्हणत. भाऊजींनीही चांद्याला सोडलं. पण बैलाला घरची वाट पाठ असते. तो आपला परत दावणीला येऊन उभा. पुन्हा सोडला, पुन्हा आला. शेवटी भाऊजींनी त्याला मोहाच्या झाडाला आखूड दाव्याने बांधलं.

गस्तीवरच्या वनरक्षकाला तो दिसला. भोवती वाघाचे ताजे पंजे उमटलेले आणि चांद्या थरथरत उभा. वनरक्षकाने त्याला बाईंच्या अंगणात आणलं. मी हिशेबाला गेले आणि कपाळावरचा पांढरा चंद्र पाहून ओळखलं. बाईंना सांगितलं, हा आमच्या घरचा आहे. त्या म्हणाल्या, "खटला होईन, बाई. तुमचं अन् माह्यं कुंपण तेवढंच राहीन." आणि ते तेवढंच राहिलं. सासरची माणसं महिनाभर माझ्याशी धड बोलली नाहीत, बाई मात्र रोज कुंपणाशी येऊन विचारपूस करत.

कोर्टात भाऊजींनी गुन्हा कबूल केला. पहिल्या गुन्ह्याचा दंड कायद्यात इतका किरकोळ आहे की तो ऐकून मागच्या बाकांवर हशा पिकला. भाऊजी खिशात हात घालून म्हणाले, "घ्या न साहेब, आत्ताच देतो." तेव्हा बाई उठल्या. दंड वाढवा असं त्या म्हणाल्याच नाहीत. एवढंच म्हणाल्या, या मालकाने बैल एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा टाकला. कायद्याप्रमाणे तो त्याच्याकडे परत देऊ नये. न्यायाधीशांनी ते मान्य केलं. चांद्या बाईंकडे राहील असा हुकूम झाला. भाऊजींचा हात खिशातच राहिला. हसणारं कोर्ट एका वाक्यात गप्प झालेलं मी पाहिलं, आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

मग पोळा आला. आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. हळद नि तूप लावून, पळसाच्या पानाने. आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर राबलेल्या बैलाला ते पाहुण्याचं आमंत्रण. त्या संध्याकाळी नामदेवभाऊजी हळद-तुपाची वाटी घेऊन बाईंच्या फाटकाशी उभे राहिले. मी कुंपणाशीच होते.

"बाई, राजा दावणीले एकटाच हाये," ते म्हणाले. "एकट्याले आवतण कसं देऊ?"

बाईंनी विचारलं, "दरसाल ज्याले आवतण देल्लं, त्याले झाडाले बांधतानी काय म्हणलं होतं, नामदेवभाऊ?"

भाऊजींनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. बाईंनी पुढे होऊन फाटक उघडलं.

चांद्याला खटला काय ठाऊक? मालकाचा वास येताच त्याने मान पुढे केली आणि त्यांचा हात चाटू लागला. भाऊजींनी खांदा शेकला. मग त्याच्या मानेवर कपाळ टेकून त्यांनी आवतण दिलं. बाई म्हणाल्या, "उद्या मी घेऊन येतो त्याले. जेवू घाला. पण परत माह्यासंगं येईन."

दुसऱ्या दिवशी टेम्पोत तणस अंथरून, चढायला फळी लावून बाई चांद्याला घेऊन निघाल्या. सोबत मीही होते. वेशीपासून पांढऱ्या साडीत, हातात दावं धरून त्या स्वतः चालल्या. तोरणाखाली सगळं गाव बघत होतं. जाऊबाईंनी चांद्याला ओवाळलं, पुरणपोळी भरवली. जेवण झाल्यावर कुणीतरी म्हणालं, राहू द्या न बाई इथीच, सणाचा दिवस हाये. बाईंनी काही उत्तर द्यायच्या आत भाऊजींनीच दावं त्यांच्या हाती दिलं. "कोर्टाचा हाये, बाई. घ्या." आणि टेम्पोची फळी त्यांनीच उचलून लावली.

चांद्या बाईंच्या अंगणात म्हातारपणानेच गेला. भाऊजी अजून दर हंगामात तणशीचा भारा आणून टाकतात आणि जाता जाता "बाई लय कडक हाये" असं मला ऐकवतात. विकता येत नाही, पोसवत नाही, हे त्यांचं दुखणं बाईही विसरल्या नाहीत. ग्रामपंचायतीच्या मागे लागून त्यांनी गावचा बंद पडलेला कोंडवाडा म्हाताऱ्या बैलांसाठी उघडून घेतला. ज्याला पोसवत नाही तो आता जंगलाकडे न जाता आधी तिथे येऊन सांगतो. नुसता कायदा दाखवून गाव सुधारत नाही, हे बाईंना आमच्याआधी कळलेलं होतं.

आज बाई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. गुडघे कुरकुरतात, तरी कोर्टाच्या पायऱ्या त्या कुणाचा हात न धरता चढतात. मी माझ्या देवाजवळ त्यांच्यासाठी मागते, त्यांच्या विहारातही मागते. दोन्हीकडे एकच मागणं आहे. ज्या तोंडांना बोलता येत नाही त्या सगळ्यांच्या वतीने, आणि अंगणात आज उभ्या असलेल्या मुद्देमालाच्याही वतीने, आमच्या रीतीने म्हणते:

बाई, आज आवतण घ्या, शंभराव्या वर्षी जेवाले या.