मागून येतेय

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. त्याला तर मी ऑफिसातली भांडणंसुद्धा शब्दन् शब्द ऐकवते. मग हेच का लपवलं? कारण या गोष्टीत माझं कौतुक होतं, आणि ते ऐकायची मला सवय लागली.

आम्ही तिघी मैत्रिणी. मी कुवेतमध्ये, शर्क भागातल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. रेहाना पलीकडच्या टेबलावर. तिचं माहेर रत्नागिरीजवळचं, हसली की अख्खा मजला ऐकतो. मेधाताई आमच्याहून मोठ्या, तिथल्याच मिरकाब भागात माझ्याच इमारतीत राहायच्या, शाळेत शिकवायच्या. एका ईदच्या सुट्टीत नवरे-मुलं मागे ठेवून आम्ही इटलीला गेलो. काय दिवस होते ते! रोममध्ये पडक्या खांबांच्या सावलीत बसून मेधाताईंच्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या. पॉम्पेईच्या दगडी रस्त्यावर जुन्या गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या बघून रेहाना म्हणाली, "आमच्या गावच्या रस्त्यापेक्षा हा बरा गो!" पाय सुजले होते, चेहरे रापले होते — आणि इतकी सुखात मी क्वचितच असते.

मग नेपल्स. त्या शहराच्या खाली जुन्या काळी दगड कोरून पाण्याच्या टाक्या केल्या आहेत. आता त्या कोरड्या. एकीतून दुसरीत जायची वाट एवढी अरुंद, की अंग तिरकं करून सरकावं लागतं. मेधाताईंचे गुडघे दुखत होते, त्या अलीकडेच थांबल्या. गाइडबरोबर बाकीची माणसं पुढे गेली. शेवटी मी, आणि माझा हात धरून माझ्या मागे रेहाना.

मध्यावर ती अडली. "उज्ज्वला, मला श्वास घेता येईना. हात सोडू नको गो."

श्वास माझाही कोंडला होता. पण तेवढ्यानं काय होतं? सांगूनच टाकते — मी हात सोडवून घेतला. ती सोडेना, तर झटका दिला. आणि पुढे सरकत राहिले. मागे वळूनही पाहिलं नाही.

पलीकडे मोकळी जागा आली. गाइडनं विचारलं, तुमची मैत्रीण कुठे?

"मागून येतेय," मी म्हटलं.

का म्हटलं असेन? खरं सांगितलं असतं तर तो धावला असता. पण मग मी तिला टाकून आले, हे सगळ्यांना कळलं असतं. म्हणून मी भिंतीला टेकले — आणि पाणी प्यायले.

रेहानाचं रडणं अलीकडे मेधाताईंना ऐकू गेलं. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या आत शिरल्या आणि तिच्याशी बोलत बोलत तिला मागच्या मागे बाहेर घेऊन आल्या. आम्ही दुसऱ्या वाटेनं फिरून तिथं पोचलो, तर रेहाना धावत येऊन माझ्याच गळ्यात पडली.

"तू धावलीस म्हणून वाचले! तूच पाठवलंस ना ताईंना?"

मी हात सोडवला तो पुढे जाऊन मदत पाठवायला, असं तिनं धरलं होतं. तिला दुसरं काही सुचलंच नाही — माझ्याबद्दल वाईट सुचलं नाही. मी होकारार्थी मान हलवली.

मेधाताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांना कुणी पाठवलेलं नव्हतं. "चला, आधी वर उन्हात जाऊ," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर रेहानानं माझ्यासाठी काय नाही केलं? माझी आई गेली, मला तातडीनं गावी जावं लागलं, तेव्हा ती ऑफिसातून थेट येऊन माझ्या लेकीला आपल्या घरी घेऊन गेली. लेक फोनवर म्हणाली, "आय ॲम फाइन, मम्मा. रेहाना आंटी इज मेकिंग फिश." त्या दिवसांत मला तेवढाच एक आधार होता. आजही बाजारात चांगलं पापलेट मिळालं, की त्यातलं निम्मं आमच्याकडे येतं. आणि मेधाताई? त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. माझ्याशी वागण्यात तसूभर फरक केला नाही. त्या तशा वागल्या म्हणून मी त्यांच्यासमोर ताठ उभी राहू शकले.

मागच्या महिन्यात त्या कायमच्या पुण्याला परतल्या. निरोपाच्या जेवणाला रेहानानं ती गोष्ट पुन्हा सगळ्यांना सांगितली. मेधाताई समोरच बसल्या होत्या, भातावर वरण घेत होत्या. तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "अगं, सोड ना आता." सगळ्यांना वाटलं, किती विनयशील आहे ही! त्यांनी टाळ्या वाजवल्या. मेधाताईंनीही वाजवल्या.

त्या टाळ्या मी घेतल्या, हसून.