दोन थेंब तेल

सिद्राम कांबळ्यांना हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सगळे सिद्रामअण्णा म्हणत. अण्णा फिटर होते. त्यांचा कान तिखट होता. डब्याचं चाक फिरवलं की बेअरिंग कोरडं पडलंय की त्यात काही अडकलंय, हे ते डोळे मिटून सांगत. जोडीला काम करणारे गुरुराज थट्टा करायचे, "ह्यानं बायकोसुद्धा आवाज ऐकूनच पसंत केली." ते खरंच होतं. मिरजेकडच्या एका गावात भीमजयंतीला मंडपामागून गाणं ऐकू आलं आणि गाणारीचं तोंडही न बघता अण्णांनी घरी सांगून टाकलं होतं.

गाणारी म्हणजे कमळाबाई. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पण गाणी स्वतः जुळवायची. रुळाकडेच्या चाळीत नव्यानं आलेल्या सुनेचं गाणं, पोरीला शाळेत घेऊन जाणाऱ्या आईचं गाणं. विहारात तिच्या गाण्याशिवाय कार्यक्रम व्हायचा नाही. कागदावर मात्र एक ओळ नव्हती. नात आरुषी दहावीत असताना घरात जुना कॉम्प्युटर आला. तिनं आज्जीला माईकपुढं बसवून अकरा गाणी भरून घेतली. मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच "थांब गं, धाप लागली", सगळं त्यात होतं.

त्याच धापेनं गेल्या वर्षी कमळाबाई गेल्या.

तोवर कॉम्प्युटरला हात न लावणारे अण्णा तो चालू करायला शिकले. मुलगा प्रशिक आणि सून कामावर गेले की दुपारी खुर्ची ओढून बसायचे आणि गाणी ऐकायचे. ऐकता ऐकताच एके दिवशी त्यांना गाण्याच्या खाली दुसरा एक आवाज लागला. बारीक, ताणलेला, सारखा.

आरुषी धारवाडला एमएस्सी करत होती, सप्तापूरला खोली घेऊन राहायची. रविवारी ती घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "आरू, ह्याच्या पोटात काय फिरतंय?"

"हार्ड डिस्क, अज्जा. तुमची गाणी तिच्यातच असतात."

"तिचं बेअरिंग कोरडं पडलंय."

"म्हातारी झाली ती. परीक्षा होऊ दे, सगळं काढून फोनवर घेते."

"आत्ताच बघ की."

"अज्जा, वर्कशॉप नाही हे!" ती हसली आणि बॅग उचलून बस पकडायला गेली.

परीक्षा जवळ आली तसा कमळाबाईंचा पहिला स्मृतिदिनही जवळ आला. त्या दिवशी विहारात त्यांचीच गाणी त्यांच्याच आवाजात लावायची, असं अण्णांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आवाज मात्र वाढत चालला होता. मग एका दुपारी आतून टक्, टक्, टक् असं सुरू झालं आणि गाणं ओळीच्या मध्येच अडकून राहिलं.

अण्णांनी घाईनं बटण बंद केलं. असा आवाज करणारा डबा त्यांनी नोकरीत कधी पुढं जाऊ दिला नव्हता. डबा गाडीतून काढायचा, उघडायचा, पुसायचा, तेल-ग्रीस घालायचं, मगच सोडायचा. दुसरी रीत त्यांना ठाऊक नव्हती. नातीला फोन करावा असं मनात आलं. पण पोरीचा पेपर होता.

कॉम्प्युटरची पेटी उघडून त्यांनी डिस्क बाहेर काढली. तिचे स्क्रू चांदणीसारखे होते. अण्णांनी जुना स्क्रूड्रायव्हर कानशीनं घासून त्याला तसं टोक काढलं. एक स्क्रू कागदाखाली लपला होता, तोही त्यांनी बोटानं चाचपून शोधला. झाकण निघालं आणि आत आरशासारखी तबकडी दिसली. तिच्यात स्वतःचा चेहरा बघून अण्णा हरखले. किती सुबक काम! सुनेच्या शिलाई मशीनचं तेल आणून त्यांनी तबकडीच्या मधोमध दोन थेंब सोडले, बोटानं तबकडी फिरवली, धुतलेल्या मऊ फडक्यानं पुसली. झाकण लावून डिस्क होती तशी बसवली आणि बटण दाबलं.

क्षणभर काहीच आवाज आला नाही. अण्णांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग पत्र्यावर खिळा ओढावा तसं काहीतरी खरखरलं, आणि सगळं थांबलं.

पेपर संपल्यावर आरुषी त्यांना चिगरी नावाच्या शहरबसनं धारवाडला घेऊन गेली. वाटभर ती मांडीवरची डिस्क दोन्ही हातांनी धरून बसली होती. सप्तापूरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तिथल्या चेतननं झाकण काढून डिस्क उजेडात धरली. तबकडीवर तेलाचा रंगीत पट्टा होता, बोटांचे ठसे होते आणि सगळीकडून एक गोल ओरखडा गेला होता.

"हे कुणी उघडलं?"

"मी," अण्णा म्हणाले. "बेअरिंग वाजत होतं."

चेतननं त्यांच्याकडं नीट बघितलं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "वाजत असणार, अज्जा. पण ह्याच्यात वाचणारी सुई तबकडीला टेकत नाही, नुसती वर तरंगते. मध्ये धुळीचा कण आला तरी खरवडून निघतं. तेल म्हणजे तर..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "असा आवाज आला की डिस्क दुरुस्त करायची नसते. चालतीय तोवर आतलं काढून घ्यायचं आणि डिस्क टाकून द्यायची."

"टाकून द्यायची?" अण्णांना ते पटकन कळेना.

"बेंगळुरूला पाठवली तर?" आरुषीनं विचारलं.

चेतननं नकारार्थी मान हलवली.

बाहेर आल्यावर आरुषी पायरीवरच बसली. "तुम्ही मला सांगितलं होतं, अज्जा. मीच लक्ष दिलं नाही."

"तू ऐकलं नाहीस," अण्णा म्हणाले. "मी ऐकलं आणि हात घातला. माझी चूक मोठी."

ती रडायला लागली तेव्हा अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांना त्या हाताचीच लाज वाटली, त्यांनी तो काढून घेतला.

स्मृतिदिनाला विहार भरला. वंदना झाली. कमळाबाईंच्या बरोबरीनं गाणाऱ्या सुलभाबाई म्हणाल्या, "आरू, लाव की आज्जीचं गाणं."

आरुषी उठली. "कॉम्प्युटर बिघडलाय, मावशी..."

"बिघडला नाही," अण्णा उभे राहिले. "मी बिघडवला. आवाज करत होता म्हणून उघडला, तेल घातलं. गाणी गेली. तिचा आवाज आता कुठंच नाही. माझ्या हातनं गेला."

मग मागच्या रांगेतून गुरुराजांचा म्हातारा आवाज आला, "याव एण्णी हाकिदि?"

कुठलं तेल घातलंस, असं ते अगदी मनापासून विचारत होते.

"शिलाई मशीनचं."

"छे, छे! ते पातळ होतंय. ग्रीस घालायचं!"

कुणीतरी फिसकन हसलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. अण्णाही हसले आणि हसता हसता त्यांचा चेहरा मोडला. कमळाबाई गेल्या तेव्हा ते रडले नव्हते. आता मात्र सतरंजीवर बसून सगळ्यांदेखत ते रडले.

ते शांत झाल्यावर सुलभाबाईंनी डोळे मिटून सुरुवात केली. "पाटी घे गं बाळे, चल शाळंच्या दारी..." पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला त्या अडल्या. "पुढचं मला येत नाही, अण्णा. ते कमळाच गायची."

विहारात कुणालाच येत नव्हतं. अण्णा तोंडातल्या तोंडात पुटपुटले. नंतर जरा मोठ्यानं, कुठलीही चाल न लावता, सुटे भाग मोजून द्यावेत तसे त्यांनी शब्द सांगितले, "पाणी मी भरते, तू अक्षरं भर."

सुलभाबाईंनी ती ओळ गाऊन घेतली. अण्णांनी पुढची सांगितली. सुलभाबाईंची चाल थोडी निराळी होती, त्या श्वासही भलत्याच ठिकाणी घेत होत्या. अण्णांना ते दर वेळी कळत होतं. त्या आवाजात कमळाबाई नव्हत्या. अण्णांनी डोळे पुसले आणि सुलभाबाईंना तिसरं कडवं सांगायला घेतलं.