पाहिलेली बातमी

आमच्या शाळेत वर्तमानपत्र येत नसे. म्हणजे ब्रह्मपुरीहून सकाळच्या काळीपिवळीत ते निघायचं, पण आधी ड्रायव्हर वाचायचा, मग पुढच्या सीटवरची मंडळी, मग मागची. आमच्या गावापर्यंत येता येता त्याची अर्धी पानं कुणाच्या तरी भज्यांखाली गेलेली असायची. तेव्हा सिस्टर एकदा म्हणाल्या, "बाई, आपणच आपलं वर्तमान लिहू."

सिस्टर म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. केरळकडच्या. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या, त्यामुळे ती आमच्यापेक्षा शुद्ध बोलायच्या आणि आम्हाला लाज आणायच्या. वैनगंगा ओलांडून आरमोरीच्या रस्त्याला लागलं की जंगलाच्या कडेला आमची शाळा. चार वर्ग, तीन सिस्टर, बाजूला एक छोटं चॅपल. ख्रिस्ती घरं गावात मोजकी. बाकी लेकरं गोंडांची, त्यांचे देव जंगलात. आणि शिकवणारी मी, ब्रह्मपुरीतल्या मुसलमान शिंप्याची लेक. यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं. मुलं सकाळी सिस्टरांच्या मागून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायची, आणि प्रार्थना संपली की माझ्याकडे वळून बातमीसाठी हात वर करायची.

फळा व्हरांड्यात होता, तोंड रस्त्याकडे. रोज एका मुलानं एक बातमी सांगायची आणि मी ती लिहायची. नियम एकच, आणि तो माझा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच सांगायचं. 'म्हणे' चालणार नाही. मी तापट बाई, हे कबूलच करते. अम्मी म्हणायची, हिच्या नाकावर राग भाड्यानं राहत नाही, मालकीनं राहतो. एकदा एका पोरानं वाघ आला म्हणून सांगितलं. मी त्याला उभं करून विचारलं, वाघ पाहिलास की वाघाबद्दल ऐकलंस? उलटतपासणीनंतर फळ्यावर आलं, 'नाल्याजवळ वाघाची पावलं. सकाळी.' ते वाचून वनरक्षक मोटरसायकल थांबवून आत आला आणि त्या पोराला सोबत घेऊन नाल्यावर गेला. त्या दिवसापासून आमच्या फळ्याला वजन आलं. काळीपिवळीवाले तिथं गाडी हळू करायचे, मोठ्यानं वाचायचे, आणि आमची बातमी पुढच्या गावाला पोचवायचे. शेळी व्याली, बोडीच्या पाण्यावर बगळे उतरले, बोअरला पाणी लागलं. "फळ्यावर खोटं येत नाही," असं मी दरडावून म्हणायची आणि सगळी शाळा माझ्यामागून एका सुरात ते म्हणायची. सिस्टर हसायच्या. "बाई, तुम्ही पोलिसात शोभला असता."

मोहाच्या दिवसांत शाळा निम्मी झोपेत चालायची. फुलं पहाटे पडतात, उजाडायच्या आत वेचावी लागतात, म्हणून लेकरं आईबापाबरोबर अंधारातच जंगलात गेलेली असायची. आठ वाजता वर्गात येऊन बसली की त्यांच्या केसांना, कपड्यांना, वह्यांना तो गोड, जड वास. खिडकीतून झाडांमधलं धुकं दिसायचं, कुठं पळस पेटलेला, कुठून तरी होल्याचं घुमणं. मी पाढे म्हणून घ्यायची आणि सातव्या-आठव्या ओळीला अर्ध्या वर्गाच्या माना खाली. मलासुद्धा गुंगी यायची. खरं सांगते, त्या दिवसांतलं काय घडलं आणि काय मला तसं वाटलं, हे आजही मला नीट वेगळं काढता येत नाही. फक्त एक गोष्ट लख्ख आठवते.

दुसरीत एक मुलगी होती. बारीक, मोठ्या डोळ्यांची, झोपेतही ऐकत असावी अशी. तिची आई संक्रांतीनंतर गावातल्या बायांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेलेली. आमच्याकडून दरवर्षी जातात. बाप मागं राहिला, घर सांभाळायला आणि मोह वेचायला. होळीच्या आधी पिकअप गाडी परत आली. बाया उतरल्या, त्यांच्या वाट्याच्या लाल मिरच्यांची पोती उतरली, गावभर शिंका झाल्या. तिची आई मात्र उतरली नाही. दुसऱ्या एका शेतावर मिरची बाकी होती, तिकडं ती दोघीतिघींबरोबर राहिली, असं बाया म्हणाल्या. मग मुकादमाचा फोन लागेनासा झाला. मग कुणी म्हणालं, तिला ताप भरला म्हणे. कुणी म्हणालं, दवाखान्यात टाकलं म्हणे. सगळं 'म्हणे'. बाप रोज रस्त्यावर येऊन गाड्या बघायचा आणि परत जायचा.

मुलगी रोज प्रार्थनेनंतर माझ्या साडीपाशी यायची.

"मॅडम, माह्या मायची बातमी लिवता का?"

"काय बातमी?"

"येऊन राह्यली."

"आली की लिहू. येऊन राहिली ही काही बातमी नाही झाली. पाहिलंस का तू?"

"नाई."

"मग?"

ती जागेवर जाऊन बसायची. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची. मला तिचं वाईट वाटायचं, पण नियम तो नियम, असं मी स्वतःला सांगायची. कसला नियम अन् कसलं काय! दोन शब्द लिहिले असते तर काय आभाळ कोसळणार होतं?

ईस्टरआधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आधीचा आठवडा. सिस्टर मुलांकडून सिंदीच्या झावळ्या आणवून घेत होत्या. त्या सकाळी ती पोरगी धावतच आली. डोळे अजून झोपेनं जड, पण चेहरा नुसता उजळलेला.

"मॅडम, माय आली!"

"अगं! खरं?"

"हो जी."

"डोळ्यांनी पाहिलंस?" हे मी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. माझा हात खडूकडे गेलासुद्धा होता.

"हो जी. चुलीपाशी बसली होती. हिरवं लुगडं. बोटं लाल लाल झाले तिचे. मले जवळ घेतलं."

इतकं बारीक सांगितल्यावर आणखी काय विचारणार? मी फळाभर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'दुसरीतल्या मुलीची आई मिरचीवरून घरी आली.' मुलांनी टाळ्या पिटल्या. सिस्टरांनी क्रूसाची खूण केली आणि कपाटातला बिस्किटांचा डबा काढला. एक काळीपिवळी थांबली, ड्रायव्हरनं वाचलं, दोनदा हॉर्न वाजवला आणि बातमी घेऊन गेला. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी कुणावर ओरडलेसुद्धा नाही.

तासाभरात तिचा बाप धावत आला. हातात मोहाची टोपली, फुलं वाटेत सांडलेली, दम लागलेला. बातमी त्याला जंगलाजवळच्या रस्त्यावर कळली होती. तो आधी घरी गेला होता.

"घरी नाई जी," तो म्हणाला. "कुठी हाय? इथी हाय का?"

मी मुलीकडे पाहिलं. ती बापाकडे पाहत होती.

"सकाळी होती ना," ती म्हणाली. "मी डोळे उघडले तं नव्हती."

मी विचारलं, "म्हणजे स्वप्नात पाहिलीस?"

"हो जी. पहाटंचं होतं."

पहाटेचं स्वप्न खरं होतं, हे तिला घरात सगळ्यांनी सांगितलेलं. आणि फळ्यावर आलेलं खोटं नसतं, हे मी तिला रोज म्हणायला लावलेलं. तिच्या बाजूनं सगळा हिशोब चोख होता. हे मला आज कळतं. तेव्हा मला दिसला तो पायरीवर बसून खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड खुपसलेला बाप, आणि रस्त्यावर थांबून फळा वाचणारे लोक, आणि माझं हसं. राग डोक्यात गेला. मी डस्टर तिच्या हातात दिलं.

"पूस. तू सांगितलंस ना? तूच पूस."

"राहू द्या ना जी," बाप म्हणाला. "लेकरू हाय."

मी ऐकलं नाही. तिचा हात वरच्या ओळीपर्यंत पोचेना, ती टाचा उंचावून उभी राहिली. तर मी काय करावं? मी वर्गातून स्टूल आणून दिलं. पुसायला सोपं जावं म्हणून! त्या स्टुलाची आठवण आली की अजून माझी मलाच शरम वाटते. ती चढली आणि एकेक अक्षर नीट पुसत गेली. 'आई' हा शब्द तिनं शेवटी पुसला. सिस्टर दारात उभ्या राहून पाहत होत्या.

दुपारी डबा खाताना त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, ईस्टरच्या आधी आमच्याकडे फादर येतात. आम्ही त्यांच्याजवळ पापांची कबुली देतो. तुमच्याकडे काय करतात?"

मी म्हटलं, "आमच्यात ज्याचं मन दुखवलं, त्यानं माफ केल्याशिवाय वर माफी नाही."

"मग तुमचं अवघड आहे," सिस्टर म्हणाल्या आणि डबा धुवायला उठल्या.

अवघड होतंच. मी माफी मागितली नाही. दुसरीतल्या पोरीची काय माफी मागायची, उद्या मुलं डोक्यावर बसतील, असं काहीबाही मनाला समजावलं. पोरगी शाळेत येत राहिली. बातमी सांगायला मात्र तिनं हात वर केला नाही, माझ्या साडीपाशीही आली नाही. मला बरंच वाटलं, हेही कबूल करते. बाकीच्यांच्या बातम्या मी लिहीत राहिले.

मग ईस्टरच्या आधीचा बुधवार. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर शाळेला यायला मी काळीपिवळीत बसले. मागच्या बाकावर एक बाई, गाठोडं मांडीवर, मान खाली, दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. गाडी सुटली तशी सगळ्यांना शिंका सुरू झाल्या. आधी ड्रायव्हरला, मग मला, मग एका म्हाताऱ्याला. गाठोड्यात मिरच्या होत्या. लोक तिच्यावर वैतागले, मीही वैतागले. "अगं बाई, ते गाठोडं टपावर टाकायचं ना!" ती नुसती हसली. फार थकलेलं हसली. नदीचा पूल आला, खाली पाण्यावर धुकं, आणि गाडीभर लोक डोळे पुसताहेत. ती नदीकडे बघत होती. कुठं उतरायचं, असं म्हाताऱ्यानं विचारलं. तिनं आमच्या गावाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "शाळेपाशी थांबवजा भाऊ. पोरगी दुसरीत हाय माही."

त्यानंतर पूर्ण वाटभर मला तिच्याकडे बघवेना.

गाडी थांबली. मुलं प्रार्थनेच्या रांगेत होती. त्या पोरीनं मान वळवली, एक क्षण तशीच उभी राहिली, खरं की पहाटेचं ते तपासत असावी, आणि मग धावली. आईनं दोन्ही हात वर धरले. "हात नको लावू माय, आग होते, डोळ्याले लागंन." मग कोपरांनीच तिला कवटाळलं. तिकडं ती महिनाभर तापात पडून होती. तिथल्याच एका बाईनं तिला आपल्या घरात ठेवून सांभाळलं होतं. बरी झाल्यावर गाडीभाड्यापुरती तिनं पुन्हा मिरची तोडली होती. हे सगळं तिनं उभ्या उभ्या, मोडक्या आवाजात सांगितलं. सिस्टर रडत होत्या आणि पाण्याचा तांब्या पुढं करत होत्या. मीही रडले. मिरचीचं निमित्त होतंच.

मग प्रार्थना झाली. प्रार्थनेनंतर बातमी. सिस्टरांनी विचारलं, "आजची बातमी कुणाची?" सगळ्या माना एकाच पोरीकडे वळल्या. तिनं हात वर केला नाही.

मी खडू घेतला. "मी लिहिते," मी म्हटलं. "आज मी स्वतः पाहिलंय."

मी पहिलं अक्षर लिहिणार, तोच ती पोरगी रांगेतून धावत आली आणि तिनं दोन्ही हातांनी माझ्या हातातला खडू पकडला.

"नका लिवू मॅडम."

"का गं? खरी आहे ना बातमी?"

"लिवलं तं मंग पुसा लागते." तिचा आवाज बारीक झाला. "मी पुसलं म्हून तं अटकली ना ती तिकडं."

म्हणजे इतके दिवस ती पोर हे घेऊन शाळेत येत होती. आपल्या हातानं आईला पुसलं, हे. माझ्यासमोर बसून पाढे म्हणत होती, माझं शुद्धलेखन उतरवून घेत होती, आणि मला बरं वाटत होतं.

मी तिथंच, साऱ्या शाळेसमोर, तिच्या आईसमोर, खाली बसले. तिच्या डोळ्यांच्या उंचीला आले. म्हटलं, "बाळा, ऐक. तुझ्यामुळं काही झालं नाही. तिला ताप आला होता. चूक माझी होती. मी तुला पुसायला लावलं, ते मी फार वाईट केलं. मला माफ करशील का?"

"हो जी," ती लगेच म्हणाली. मॅडमनं काही विचारलं की म्हणतात तसं.

खडू मात्र तिनं सोडला नाही.