थोरलीच्या गाडीचे टायर

हळूभाऊ टायर घ्यायला येताना दिसले की टायरवाला आधी चहा सांगायचा, कारण माणूस लवकर हलणार नाही हे त्याला ठाऊक असायचं. पहिल्या खेपेला हळूभाऊ टायरकडे ढुंकूनही बघत नसत. जुन्या टायरच्या थप्पीवर बसून जगाच्या गप्पा मारायचे आणि उठून जायचे. दुसऱ्या खेपेला टायर खाली उतरवायला लावायचे. मग त्यात नख रुतवून बघ, वास घे, जमिनीवर लोळवून बघ, कडेला ठोकलेली कारखान्याची तारीख चष्मा सरकवून वाच, कारण दुकानात पडून राहिलेलं रबर नुसत्या वयानेच कडक होतं. एवढं करून ‘उद्या येतो’ म्हणायचे. टायरवाल्याने एकदा विचारलंच, टायर घेताय की दत्तक घेताय? हळूभाऊंनी तेही मनावर घेतलं नाही. शांतपणे दुसरा टायर उतरवायला सांगितला.

त्यांच्या चिकटपणाला कारण होतं. पिकअपमधून ते काच वाहायचे. काच कापणाऱ्याच्या कारखान्यातून माल उचलायचा आणि कुणाच्या खिडकीला, कुणाच्या दुकानाच्या दर्शनी भागाला पोचवायचा. गाडीच्या हौद्यात लाकडी घोडा बसवलेला, त्याला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या आणि त्यावर काचा टेकवून बांधलेल्या. टायर फार कडक असला तर रस्त्यातला खडासुद्धा काचेपर्यंत पोचतो आणि फार मऊ असला तर वजनाने बसतो. या दोन्हींच्या मधला टायर शोधण्यात हळूभाऊंचं अर्धं आयुष्य गेलं. उरलेलं अर्धं गाडी हळू चालवण्यात गेलं, म्हणून तर ते नाव पडलं. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. हळूभाऊ हात बाहेर काढून ‘काच आहे’ असं खुणावायचे. गाडी रिकामी असली तरी तेच. सवय ती सवय.

माल भरून होईपर्यंत कारखान्यासमोर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे टायर बघत राहणं हा त्यांचा छंद होता. त्यांच्या धंद्यातली सगळीच माणसं टायर बघून मालकाच्या मनातलं ओळखतात. गाडी ठेवायची असेल तर मालक नवे टायर घालतो. विकायची असेल तर रिमोल्ड घालतो, म्हणजे जुन्याच टायरवर नव्या रबराची नक्षी चिकटवलेले. दिसायला काळेभोर, झकास. गिऱ्हाईक फसतं आणि गाडी दारातून जाते. स्वतःच्या रोजच्या गाडीला, त्यातून काच वाहणाऱ्या गाडीला, ते कोणी शहाणा माणूस घालत नाही. ही विद्या हळूभाऊंनी आपल्या थोरल्या मुलीला फार लहानपणी दिली होती. सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्या शेजारच्या सीटवर असायचीच. समोरून गाडी गेली की ते विचारायचे, ही ठेवणार की विकणार? थोरलीचं उत्तर सहसा चुकायचं नाही. घरी येऊन बायकोला ते कौतुकाने सांगायचे, पोरीची नजर माझ्यावर गेली आहे.

पुढे हळूभाऊंचा डावा गुडघा गेला. क्लच दाबताना डोळ्यांतून पाणी यायचं. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी जेवताना थोरली म्हणाली की गाडी मी चालवते. ती तेव्हा कापडाच्या दुकानात काउंटरवर होती आणि दिवसभर गिऱ्हाइकांपुढे हसून हसून तिचे गाल दुखायचे. हळूभाऊंनी मान डोलावली. बायकोला वाटलं बाप खूश आहे. खूश होतेच, पण आतून त्यांचा विश्वास नव्हता. दोनचार महिने हौस फिटेल, काचा उचलताना कंबर धरेल, मग येईल मुकाट्याने काउंटरवर, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यातच एका फर्निचरवाल्याने गाडी विकणार का, असं विचारून ठेवलं होतं. हळूभाऊंनी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घरात तर ब्रही काढला नाही.

टायर तेव्हा झिजून अगदी गोटा झाले होते. काउंटरवरचा महिना भरायच्या आधीच थोरलीने सांगितलं, “बाबा, टायर तुम्हीच निवडा. तुमच्याइतकं मला कळत नाही.” खरं तर तिला चांगलं कळत होतं. बापाने आपल्या गाडीसाठी टायर निवडावेत, एवढीच तिची इच्छा होती. आपण दोघं जाऊ, असंही ती म्हणाली. हळूभाऊ म्हणाले, तू कामाला जा, मी बघतो.

ते एकटेच गुडघा सांभाळत गाडी घेऊन गेले. टायरवाल्याने सवयीने चहा सांगितला, चांगला माल खाली उतरवला आणि वाट बघत उभा राहिला. हळूभाऊंनी नख लावलं नाही, वासही घेतला नाही. कोपऱ्यातल्या रिमोल्डकडे बोट दाखवलं आणि हे चार बसव म्हणाले. टायरवाल्याला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. गाडी विकताय का, त्याने विचारलं. हळूभाऊ म्हणाले, सध्या चालतील, पोरगी किती दिवस टिकते ते तरी बघू. चहा यायच्या आत टायर बसवायला सुरुवातसुद्धा झाली होती. जन्मभर टायरवाल्याचं डोकं खाल्लेल्या या माणसाने नेमकं तेव्हाच डोकं बाजूला ठेवावं, याला काय म्हणायचं!

संध्याकाळी थोरली कपडे धूत होती. हात पुसत बाहेर आली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या चाकापाशी वाकली, नक्षी आणि जुना टायर जिथे जोडलेले असतात त्या कडेवरून बोट फिरवलं. हळूभाऊ पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. पोरीला कळणार नाही असं त्यांना का वाटलं असेल, देव जाणे. तिला हे शिकवणारे तेच.

“कोण घेतंय गाडी?” तिने विचारलं.

“कोण घेणार? काहीतरीच तुझं,” हळूभाऊ म्हणाले.

ती परत कपड्यांकडे वळली. बायको दारात उभी होती, तिला काही उमगलं नाही. तेव्हा हळूभाऊंनी खरं काय ते बोलायला हवं होतं. चुकलं माझं, उद्या बदलून आणू, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते तेल चोळत राहिले. पुढे कितीतरी वेळा त्यांना ती पायरी आठवली आणि दर वेळी स्वतःचीच लाज वाटली.

थोरलीने गाडी चालवली. हौस फिटली नाही आणि कंबरही धरली नाही. काच कापणारा कारागीर तर म्हणायला लागला की बापापेक्षा पोरगी बरी, वेळेवर पोचते. पण ते रिमोल्ड, आतून जुन्या रबराचे आणि म्हणून कडक. गाडी रस्त्यावर कुरकुरत जायची आणि घोडा हादरायचा. ती ट्यूबच्या पट्ट्यांवर आणखी पट्ट्या गुंडाळायची. एके दिवशी केस कापायच्या दुकानाचा मोठा आरसा नेताना त्याला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला. घरी आल्यावर हळूभाऊंनी तिला झाडलं. वळण जोरात घेतलं असशील, काच वाहणं म्हणजे कापडाचे तागे उलगडणं नाही, असं बरंच काही बोलून गेले.

थोरलीने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, “वळण नीट घेतलं होतं, बाबा. मी राहणार नाही असं धरून तुम्ही टायर घेतले होते. मी रोज त्याच टायरवर गाडी चालवली.”

बायकोला आता सगळं उमगलं, ती त्या रात्री जेवली नाही. महिनाभरात थोरलीने दुसऱ्या गावातल्या एका गोदामात ट्रक चालवायची नोकरी धरली. बॅग भरली, आईच्या गळ्यात पडली आणि बापाला येते म्हणून सांगून गेली. भांडली नाही. भांडली असती तर हळूभाऊंना सोपं गेलं असतं.

दुसऱ्याच दिवशी हळूभाऊ गुडघा दाबत गाडी घेऊन टायरवाल्याकडे गेले. दुकानात होते त्यातले सगळ्यात चांगले चार टायर घेतले, बसवले आणि रिमोल्ड तिथेच टाकून आले. गाडी दारात उभी राहिली. फर्निचरवाला पुन्हा विचारायला आला, त्याला हळूभाऊंनी असं काही उडवून लावलं की तो परत फिरकला नाही. उभ्या गाडीचे टायर एका जागी दबून चपटे होतात, म्हणून ते रोज सकाळी गाडी थोडी पुढे घेत, थोडी मागे घेत. क्लच दाबताना गुडघा ओरडायचा. एकदा बायको म्हणाली, “अहो, गाडीला रोज फिरवून काय होणार? तिला फोन करा.” त्यांनी फोन केला. जेवलीस का, झोप होते का, तिकडे थंडी आहे का, सगळं विचारलं. टायरचं नाव काढलं नाही.

सुट्टीला थोरली घरी आली. रापली होती, दंड भरले होते, बोलणं ऐसपैस झालं होतं. चहा झाल्यावर हळूभाऊंनी किल्ली तिच्यासमोर ठेवली. तिने गाडीकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं आणि आईला शेजारी बसवून वस्तीला एक फेरी मारून आली. गाडी होती त्याच जागी लावली आणि किल्ली बापाच्या हातात परत दिली.

“मस्त चालते. आवाजसुद्धा नाही,” ती म्हणाली. “पण बाबा, उभी नका ठेवू. कोणाला तरी चालवायला द्या.”

“तुझ्यासाठी घेतले हे टायर,” हळूभाऊ म्हणाले. “माझं चुकलं. तेव्हाच घ्यायला हवे होते.”

जाऊ द्या हो बाबा, असं ती म्हणेल असं त्यांना वाटलं होतं. घरात आजवर कोणाचंही काही चुकलं की तीच पहिल्यांदा तसं म्हणायची.

“हो,” थोरली म्हणाली. “तेव्हा घेतले असते तर मी गेले नसते.”

मग ती आईला भाजी निवडायला मदत करायला आत गेली. हळूभाऊ किल्ली हातात घेऊन गाडीपाशी उभे राहिले. फर्निचरवाल्याला कोणत्या तोंडाने बोलवायचं याचा ते विचार करू लागले.